अंदमानच्या डॉगटूथसाठी जिगिंगचा सेट: रीलच्या आधी रिंगा बघा

डॉगटूथसारख्या मोठ्या कुप्यासाठी (ट्यूनासाठी) सामान घेताना जवळजवळ प्रत्येक जण रीलपासून सुरुवात करतो. त्यावर लाखभर रुपये घालतो, रॉडवर वीस-पंचवीस हजार, आणि गळ, रिंगा, दोरा हे शेवटच्या दिवशी दुकानदार जे देईल ते. मासा मात्र बहुतेक वेळा या शेवटच्या दिवशीच्या सामानामुळेच सुटतो. म्हणून इथे उलट्या टोकाने जाऊ: माशाच्या तोंडापासून रीलपर्यंत.

कोकणपट्टीवर कुपा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो बाजारातला दोन-तीन किलोंचा गेदर. त्याला पीई २ ची दोरी (पीई हे दोरीच्या जाडीचं माप) आणि चाळीस-साठ ग्रॅमचं जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, पुरतं. खाली सांगितलेल्या सामानातलं त्याच्यासाठी काहीच लागत नाही. मुंबईसमोरचा समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे, तळ कड्यासारखा एकदम सुटणारं पाणी जवळपास नाही. त्यामुळे खोल पाण्यात उभं जिग मारून मोठा कुपा काढायचा तर इथले गरवे अंदमान गाठतात.

तिथे गाठ पडते दोन वेगळ्या माशांशी, आणि दोघांच्या मागण्या उलट्या आहेत. यलोफिन मोकळ्या पाण्यातला. गळ लागला की तो पळतो, दीडशे-दोनशे मीटर दोरी नेतो. त्याला दोरी द्यावी लागते. डॉगटूथ नावाने ट्यूना असला तरी त्याची प्रजाती वेगळी, तोंडात शंकूसारखे दात, आणि राहतो खडकाच्या कडेला. गळ लागला की तो लांब पळत नाही, खाली जातो. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत तळापासून पंधरा-वीस मीटर वर आणला तर आणला, नाहीतर दोरी कातळावर घासून संपली. त्याला दोरी देऊन चालत नाही. दोघांसाठी एकच सेट न्यायचा असेल तर तो पीई ६ चा, तीनशे मीटर दोरीचा. पीई ४ वर यलोफिन निघेल, डॉगटूथ नाही. पीई ८ वर डॉगटूथसमोर जास्त जोर लावता येतो, पण त्याच मापाच्या रीलवर दोरी कमी बसते आणि जाड दोरीला ओढ जास्त लागते.

जिग, गळ, रिंगा

जिगचं वजन खोलीवर ठरवतात, पण खरं ठरवते ती पाण्याची ओढ. ओढ मंद असताना साठ-ऐंशी मीटरला (बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या हिशोबात तेहतीस ते चव्वेचाळीस वाव) १५० ते २०० ग्रॅम पुरतं. शंभर-सव्वाशे मीटरला २५० ते ३५०. कसोटी सोपी: जिग तळाला टेकलं तेव्हा दोरी पाण्यात उभी शिरत असेल तर वजन बरोबर, तिरकी होऊन बोटीपासून लांब चालली असेल तर पुढचं वजन लावा. तिरक्या दोरीवर मारलेला झटका जिगपर्यंत पोचतच नाही, दोरीचा झोळच तो खाऊन टाकतो.

आकार दोन घ्या. सुरीसारखं लांब, मागे जड असलेलं जिग सरळ खाली जातं आणि वेगाने वर ओढता येतं. डॉगटूथसाठी पहिली पसंती त्याला. पानासारखं, मध्यभागी वजन असलेलं जिग डोलत, आडवं होत पडतं. ओढ कमी असताना आणि यलोफिन मधल्या पाण्यात असताना ते उपयोगी. रंगावर फार डोकं खपवू नका. रुपेरी, निळं-रुपेरी आणि एखादं अंधारात चमकणारं, एवढ्यावर काम भागतं. दुकानात रंग बघण्यात जो वेळ जातो तो रिंगा तपासण्यात घालवलेला बरा.

असिस्ट गळ म्हणजे जाड दोऱ्यावर बांधलेला सुटा गळ, जिगच्या वरच्या टोकाला लावलेला. जोडणी नीट बघा, कारण तयार लावून मिळणाऱ्या जिगांतसुद्धा ती चुकलेली सापडते. लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेला जाड दोरा, बांधायचा सॉलिड रिंगला, म्हणजे जोड नसलेल्या अखंड कडीला. असिस्टच्या दोऱ्याचा फासही त्याच अखंड कडीत. स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या कडीसारखी तारेच्या वेढ्यांची कडी, फक्त अखंड कडी आणि जिग यांना जोडते. असं केलं की माशाचा सगळा ताण गळ, दोरा, कडी, लीडर या वाटेने जातो. स्प्लिट रिंगवर फक्त जिगचं वजन राहतं. पुष्कळ जण असिस्ट थेट स्प्लिट रिंगमध्ये ओवतात. मग दहा-बारा किलोंचा ताण झटक्यांनी त्या गुंडाळलेल्या तारेवर येतो, आणि एक बाजू उघडली की फास निसटतो. जिग वर येतं, गळ येत नाही, आणि दोष मात्र गाठीला दिला जातो.

गळाचं माप जिगच्या रुंदीवर घ्या: टोक आणि दांडा यांच्यातली फट जिगच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी हवी, नाहीतर गळ जिगलाच मिठी मारतो. २०० ते ३०० ग्रॅमच्या जिगला साधारण ९/० ते ११/०. ओनरचा जोबू किंवा मस्टॅडचा हूडलम हे जाड तारेचे गळ या कामात जुने आणि विश्वासाचे. पातळ तारेचा गळ लवकर रुततो, पण बारा किलोंच्या ड्रॅगला (ड्रॅग म्हणजे ठरवलेल्या ताणाला दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) उघडतो. असिस्टची लांबी एवढी ठेवा की गळ जिगच्या वरच्या तिसऱ्या भागात लटकेल. त्याहून लांब झाला तर पडताना तो उलटून लीडरमध्ये अडकतो. मागे लटकणारा तीन काट्यांचा गळ काढून टाका. तो खडकात अडकतो आणि मोठ्या माशाच्या जोराने सरळ होतो.

असिस्टचा दोरा हा खपणारा माल आहे. डॉगटूथचे दात त्याच्यावरून फिरले की वरचं कवच केसाळ होतं. एक मासा निघाला की गळ बदलायचा, दुसऱ्यासाठी तोच ठेवायचा नाही. पाच दिवसांसाठी वीस असिस्ट ही चैन नव्हे.

लीडर आणि एफजी गाठ

यलोफिनला ८० ते १०० पौंडांचा फ्लुरोकार्बन, डॉगटूथला १३० पौंडांचा, लांबी चार-पाच मीटर. फ्लुरोकार्बन कातळावर घासला तरी नायलॉनपेक्षा जास्त तग धरतो, पण १३० पौंडांत तो इतका ताठ होतो की गाठ बसवताना हात दुखतात, आणि अर्धवट बसलेली गाठ सुटते. ज्याला ती बसवणं जमत नाही त्याने सरळ चांगला नायलॉन घ्यावा. नीट बसलेली नायलॉनची गाठ अर्धवट बसलेल्या महागड्या फ्लुरोकार्बनपेक्षा भारी.

ब्रेडेड (धागे विणून केलेली मुख्य दोरी) आणि लीडर जोडायला एफजी. हिच्यात लीडर सरळ राहतो, ब्रेडेड त्याच्याभोवती जाळीसारखी विणली जाते, म्हणून गाठ बारीक असते आणि गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) सहज जाते. ब्रेडेड ताणून धरा, लीडर तिच्यावर एकदा वरून एकदा खालून असा ओवत चला. पीई ६ आणि १३० पौंडांना असे वीसेक वेढे. मग दोन अर्ध्या गाठी मारून कुलूप घाला आणि इथे थांबा. मुख्य काम पुढे आहे: ब्रेडेड एका हातमोज्यावर, लीडर दुसऱ्या हातमोज्यावर गुंडाळून, वेढे ओले करून जीव खाऊन ओढायचं. वेढे लीडरच्या अंगात रुततात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, मग वीस वेढे असोत की चाळीस. बसल्यावर लीडरचं उरलेलं टोक मिलिमीटरभर ठेवून कापा आणि ब्रेडेडच्या पुढच्या सहा-आठ अर्ध्या गाठी त्याच्यावरून घ्या, म्हणजे टोक गाइडला खरवडणार नाही. नखाने दाबून वेढे सरकतात का बघा. सरकले तर कापा, पुन्हा बांधा. हलत्या बोटीत हे जमेलच असं नाही. दोन-तीन लीडर आदल्या रात्री बांधून ठेवा.

दोरी

पीई हा आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नव्हे. जपानी मापात पीई १ म्हणजे २०० डेनिअर, त्यामुळे पीई ६ म्हणजे १२०० डेनिअर आणि व्यास साधारण ०.४० मिलिमीटर. ताकद मात्र कंपनीगणिक बदलते: पीई ६ वर कुणी ८० पौंड छापतो, कुणी ९० च्या पुढे. अमेरिकी पद्धतीची दोरी पौंडांवर विकली जाते. पॉवरप्रोची ८० पौंडी ०.४३ मिलिमीटरची, म्हणजे पीई ६ हून किंचित जाड, आणि त्यामुळे रीलवर थोडी कमी बसते. जिगिंगसाठी दर दहा मीटरला रंग बदलणारी दोरीच घ्या. फिशफाइंडरवर मासा सत्तर मीटरला दिसला तर सात रंग सोडायचे, एवढा सरळ हिशोब. एकरंगी दोरी स्वस्त पडते, पण खोली अंदाजाने मोजावी लागते.

भरताना तळाला नायलॉनचे थोडे वेढे किंवा चिकटपट्टी द्या. नुसती ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या रीलच्या फिरकीवर) अख्खी फिरते आणि ड्रॅग घसरतोय असं वाटतं. भरायची ती ओल्या फडक्यातून, तीन-चार किलोंच्या ताणाने. हातात सैल धरून भरलेली दोरी माशाच्या पहिल्या ओढीला खालच्या थरांत रुतते, एकदम अडकते आणि तुटते. दुकानदार यंत्रावर भरून देत असेल तर ताण किती आहे ते बोटाने दाबून बघा. स्पूल लाकडासारखा कडक लागला पाहिजे.

रॉड

पाच फूट ते पाच फूट आठ इंच, पीई ६ पर्यंतचा, ३०० ग्रॅमपर्यंतचं जिग झेपणारा. लांब रॉडवर तरफेचा फायदा माशाला मिळतो. दहा किलोंचा ताण हातापासून दीड मीटरवर आणि दोन मीटरवर यात काय फरक पडतो ते दहाव्या मिनिटाला कंबर सांगते. शिमानोचा ग्रॅपलर टाइप जे किंवा ट्रेव्हाला या वर्गातले, खिशाला झेपणारे. त्यांच्यापेक्षा महाग जपानी रॉड हलके असतात, दिवसभर झटके मारताना ते जाणवतं, पण मासा काढण्याच्या ताकदीत फरक किमतीइतका नाही.

रॉड मोडतो तो बहुधा एकाच चुकीने: मासा बोटीखाली असताना मूठ वर उचलून रॉड उभा केला जातो. मग वाक फक्त टोकाच्या वीतभर भागात येतो आणि तिथेच कडकन जातो. मूठ आडवीच ठेवा, खालच्या जाड भागाला काम करू द्या. गाइडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कडीला तडा आहे, आणि ती तडा ब्रेडेडला सुरीसारखी कापते. विमानाने जायचं असल्याने मुठीजवळ जोड असलेला रॉड सोयीचा. अखंड रॉडची नळी चेक-इनच्या नेहमीच्या मापात बसत नाही.

रील

आता रील. पीई ६ तीनशे मीटर म्हणजे शिमानोच्या भाषेत १४००० चं माप. २०२० च्या पिढीतलं स्टेला एसडब्ल्यू १४००० एक्सजी: गिअर ६.२:१, एका फेऱ्यात १३४ सेंटिमीटर दोरी, ड्रॅग २५ किलो. २५ हा आकडा विसरा, तेवढ्याला उभा राहणारा माणूस बोटीतून खाली जाईल. पैसे जातात ते दुसऱ्याच गोष्टीला: दहा-बारा किलोंवर ड्रॅग एकसारखा, झटके न देता सुटतो. हे महत्त्वाचं का, ते गणिताने बघा. दहा किलोंच्या ड्रॅगवर मासा सेकंदाला दहा मीटर वेगाने दोरी नेत असेल तर ड्रॅगच्या वॉशरांत (चकत्यांत) जवळपास ९८० वॉट उष्णता तयार होते. घरातली इस्त्री तेवढीच. एवढी उष्णता तळहाताएवढ्या जागेत मुरते. स्वस्त ड्रॅगमधलं ग्रीस तापून पातळ होतं, वॉशर चिकटतात-सुटतात, आणि प्रत्येक चिकटण्याला दोरीवर झटका बसतो.

सारागोसा एसडब्ल्यू १४००० एक्सजी त्याच गिअरचं, किंमत स्टेलाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शात. बॉडी धातूची, कार्बन वॉशर. कमाल ड्रॅग स्टेलापेक्षा कमी, पण पीई ६ ला लागणाऱ्या बारा किलोंना पुरेसा. हँडल फिरवताना स्टेलासारखं लोण्यातून गेल्यासारखं वाटत नाही, आणि सलग दोन-तीन हंगाम मोठे मासे काढल्यावर गिअरमध्ये फरक जाणवू लागतो. वर्षातून एकदा, पाच दिवस जाणाऱ्याने हेच घ्यावं आणि उरलेल्या पैशांत दोरी, गळ आणि आणखी एक स्पूल. वर्षाला तीन-चार फेऱ्या करणाऱ्याला मात्र स्टेला शेवटी स्वस्त पडतं.

पेनचं स्लॅमर वेगळ्या स्वभावाचं. अख्खं धातूचं, बॉडी आणि ड्रॅग पाण्यापासून बंद, मार खाणारं. ८५०० च्या मापात गिअर ४.७:१, एका फेऱ्यात साधारण मीटरभर. डॉगटूथ तळापासून उचलायला हा हळू गिअर चांगलाच, कारण हँडलवर जोर कमी लागतो. पण जिग मारताना तोच नडतो. साठ मीटर वर ओढायला स्टेलावर पंचेचाळीस फेरे, इथे साठेक. त्यात रील जड. दिवसाला चाळीस वेळा जिग सोडलं की सहाशे फेरे जास्त. ज्याचं मनगट तयार आहे आणि रील धुवायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी उत्तम. इतरांना दुपारनंतर हात उचलवणार नाही.

आडव्या स्पूलचं रील, उदाहरणार्थ शिमानोचं ओशिया जिगर, पानासारख्या जिगला जास्त शोभतं. जिग पडताना अंगठा स्पूलवर असतो, त्यामुळे पडता पडता घेतलेला चावा लगेच कळतो. पण दोरी अंगठ्याने डावी-उजवी पसरत गुंडाळावी लागते, आणि मासा ओढत असताना ते विसरलं की दोरीचा एका बाजूला डोंगर होतो. पहिल्या सेटसाठी नको.

ड्रॅग बसवणं

सामान तोलायचा डिजिटल काटा दोरीला बांधा, रॉड वाकवून कुणाला तरी ओढायला सांगा. दोरीच्या छापील ताकदीच्या पाव ते तिसरा भाग: ८० पौंड म्हणजे ३६ किलो, तेव्हा यलोफिनला आठ-नऊ, डॉगटूथला अकरा-बारा. अंदाजाने घट्ट केलेला ड्रॅग बहुतेक वेळा काट्यावर पाच-सहा किलोच निघतो. डॉगटूथ खडकात जातो तो इथेच. दुसरी बाजू अशी की दोरी जाते तसा स्पूल बारीक होतो आणि तोच ड्रॅग जड होतो. ६९ मिलिमीटरचा व्यास ५२ वर आला की दहाचे तेरा किलो झालेले असतात, शिवाय पाण्यातल्या दोरीची ओढ वेगळी. यलोफिनने दोनशे मीटर नेल्यावर ड्रॅग आणखी आवळणारा माणूस स्वतःच मासा तोडतो. तेव्हा उलट थोडा सैल करायचा.

फार हलका सेट घेऊन लढत लांबवण्यातही तोटा आहे. अंदमानात शार्क आहेत, आणि अर्धा तास झुंजलेल्या कुप्याचं नुसतं डोकं वर येतं.

तुटलेलं टोक

मासा गेला की शिव्या घालण्याआधी टोक हातात घ्या. ब्रेडेडच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखी गुंडाळी असेल तर एफजी घसरली, ओढून बसवणं कमी पडलं. टोक केसाळ, मीटरभर खरवडलेलं असेल तर कातळ; ड्रॅग वाढवा किंवा तांडेलाला मासा लागताच बोट कड्यापासून बाहेर घ्यायला सांगा. लीडर पांढुरका, चघळल्यासारखा झाला असेल तर दात. दोरी मधेच सुरीने कापल्यासारखी साफ तुटली असेल तर गाइडच्या कड्या पुन्हा कापसाने तपासा. त्या ठीक असतील तर दुसऱ्याच माशाने पळत्या दोरीला तोंड घातलं, त्यात तुमचा दोष नाही. गळ उघडा होऊन आला तर तार पातळ. गळच आला नाही आणि रिंग फाकलेली असेल तर वर सांगितलेली जोडणी पुन्हा वाचा.

सामान आणि धुणं

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला बहुतेक वेळा पंधरा किलोच चेक-इन मिळतं. २५० ग्रॅमची वीस जिगं म्हणजे पाच किलो तिथेच गेले. बारा जिगं पुरतात: सात सुरीसारखी, पाच पानासारखी, आणि खडकात जाणारी धरून दोन जास्त. गळ आणि जिग केबिन बॅगेत चालत नाहीत.

संध्याकाळी रील धुताना आधी ड्रॅग पूर्ण आवळा, मग गोड्या पाण्याचा हलका फवारा, नळाची धार नको आणि बादलीत बुडवणं तर नकोच. जोराचं पाणी मीठ आत ढकलतं. पुसून, सावलीत वाळवून ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, कारण आवळलेले वॉशर आठवडाभरात दबून चिकटतात. दोरी जिथून वळते तो लाइन रोलर बोटाने फिरवून बघा. मिठाने तो सगळ्यात आधी जाम होतो, आणि जाम रोलरवर दुसऱ्या दिवशीचा पहिला मोठा मासा अख्खी दोरी जाळतो.